पन्नाशीतली पॅरिसची बाई (एका फॅशनचित्राची ओळख पटवायची आहे)

निळीशाई

लेकीकडे पॅरिसला दीड महिना राहून आले. सीन नदीच्या कठड्यावर जुन्या पुस्तकवाल्यांच्या हिरव्या पेट्या असतात, त्यांतल्या एका पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं एक सुटं पान दिसलं. कुठल्यातरी मासिकातून कापलेलं. आठ युरो. लेक म्हणाली, "आई, आठ युरोची रद्दी?" मी म्हटलं, इतकी वर्षं तुझी चित्रकलेची वह्या-पुस्तकं घेतली, तेव्हा हिशोब केला का मी?

फोटो चढवायचा तीनदा प्रयत्न केला, होत नाहीये. तोवर शब्दांत सांगते.

बाई तिरकी उभी आहे, मान उजवीकडे वळवलेली. अंगात काळा लांब कोट. पण कोट म्हणजे काय, तर कुंचल्याचे चार-पाच फटकारे. खांद्यापासून कमरेपर्यंत रेघ आत येते आणि तिथून खाली कोट एकदम फुलतो, पार पोटरीपर्यंत. डावीकडची कड काढलेलीच नाही. तिथे नुसता कोरा कागद आहे, तरी कोट कुठे संपतो ते बरोबर कळतं. चेहऱ्यावर एक भुवई, अर्धा मिटलेला डोळा आणि लाल ओठ. नाक नाहीच. हातमोजे लाल. बाकी सगळं काळं नाहीतर कोरं.

खाली बारीक टायपात 'झाक फात' आणि पुढे कापडवाल्याचं नाव, तेही अर्धं कापलेलं. सहीचा कोपरा कात्रीत गेलाय. मागच्या बाजूला नायलॉनच्या मोज्यांची जाहिरात आहे. किंमत ४९५ फ्रँक. दुकानाचा फोन नंबर आहे, पण त्याच्या सुरुवातीला आकडे नसून 'ओपेरा' या शब्दाची पहिली तीन अक्षरं आहेत.

तर जाणकारांनो, हे कधीचं? कोणाचं? आणि तेव्हा फोटो काढता येत होते की, मग चित्र कशाला?

खवचट_कावळा

शीर्षक वाचून भलत्याच अपेक्षेने आलो होतो. चालू द्या.

ल्योंकर

ताई, पान पाठमोरं करून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. तारीख बहुतेक वेळा मागेच असते.

पॅरिसचे फोन नंबर १९६३ पर्यंत तीन अक्षरं आणि चार आकडे असे असायचे, अक्षरं टेलिफोन एक्स्चेंजच्या नावाची. म्हणजे पान त्याआधीचं. दुसरं, १ जानेवारी १९६० ला फ्रान्समध्ये नवा फ्रँक आला, शंभर जुन्यांचा एक नवा. मोज्यांच्या एका जोडीला ४९५ नवे फ्रँक कोणी देणार नाही, म्हणजे हे जुने फ्रँक. तिसरं, झाक फात, पॅरिसचा नामांकित कपडे बेतणारा. त्याने १९३७ मध्ये दुकान काढलं आणि १९५४ च्या नोव्हेंबरात रक्ताच्या कर्करोगाने गेला, बेचाळीस वर्षांचा होता. बायकोने १९५७ पर्यंत नेटाने चालवलं, मग कपड्यांचा विभाग बंद झाला. आणि चौथं, तुम्ही सांगता तशी बारीक कंबर, फुललेला घेर आणि पोटरीपर्यंतची लांबी म्हणजे १९४७ नंतरचं. थोडक्यात, १९४७ ते १९५७.

फातचं नाव आज अत्तरवाल्यांनाच आठवतं, पण तेव्हा दिओर, बालमँ आणि फात ही पॅरिसच्या फॅशन-घरांची तीन नावं एका दमात घ्यायचे. शिवणाचं रीतसर शिक्षण नाही, कापड थेट मॉडेलच्या अंगावर टाकून तो कपडा ठरवायचा. रीटा हेवर्थने १९४९ मध्ये अली खानशी लग्न केलं तेव्हाचा फिकट निळा पोशाख त्याचाच.

पोपटी

वाचतेय. फोटो हवाच पण.

निळीशाई

भाचीने चढवून दिला. वरच्या मजकुरात आता दिसतोय. ल्योंकर, तुम्ही तर पोलिसात हवे होतात.

अण्णा_ब्लॉकवाले

फोटो असताना चित्र कशाला, या प्रश्नाचं उत्तर मी देतो. उमेदीची एकवीस वर्षं गिरगावात छापखान्यासाठी चित्रांचे ब्लॉक (ठसे) बनवण्यात घालवली.

फोटो छापायचा तर त्याचे ठिपके करावे लागतात. काचेची जाळी कॅमेऱ्यात लावायची, तिच्यातून फोटोचा फोटो काढायचा. वर्तमानपत्राचा कागद भुरभुरा, शाई पिणारा, त्याला इंचाला पासष्ट रेघांच्या आसपासची जाळी. त्यावर काळ्या कोटाचा फोटो छापलात तर कोट राहत नाही, तव्याचा तळ होतो. चुणी नाही, शिलाई नाही, बटण नाही. आर्ट पेपरला एकशेवीस-एकशेतेहतीसची जाळी चालायची, तिथे जरा बरं.

रेघेच्या चित्राला मुळी जाळी लागतच नाही. जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं, नको तो भाग तेजाबाने खायला द्यायचा, झाला लाइन ब्लॉक. काळं ते ठार काळं, पांढरं ते कागदाचं पांढरं. कागद किती का भिकार असेना.

आता ताईंच्या चित्रात लाल बघा. ओठ आणि हातमोजे, एवढंच. म्हणजे एक जादा ब्लॉक आणि मशीनवर एक जादा फेरी. चार रंग त्या पैशात बसले नसते. चितारणाऱ्याला छापखान्याचा खर्च तोंडपाठ असला पाहिजे. आमच्याकडे येणारे काही कलावंत मात्र सात छटांचा सूर्यास्त घेऊन यायचे आणि "दोन रंगांत बसवा" म्हणायचे. असो.

ल्योंकर

अण्णा, नेमकं सांगितलंत, वर्तमानपत्रांपुरतं शंभर टक्के मान्य. पण पॅरिसची चांगली फॅशन-मासिकं गुळगुळीत कागदावर निघत होती. लॉफिसिएल घ्या, १९२१ पासूनचं. त्यात पन्नाशीच्या दशकात एका पानावर फोटो आणि समोर चित्र असं सर्रास दिसतं. 'व्होग'ने पहिलं रंगीत फोटोचं मुखपृष्ठ १९३२ मध्येच छापलं होतं. म्हणजे छपाई जमत नव्हती म्हणून चित्र, हे अर्धंच उत्तर.

दुसरं अर्धं चोरीत आहे. तेव्हा पॅरिसच्या मोठ्या घरांचं अर्ध्याहून अधिक डोकं नक्कल कशी थांबवायची यातच जायचं. परदेशी खरेदीदाराला प्रदर्शनाला बसायचं तर आधी अनामत भरायची. दालनात पेन्सिल काढली की बाहेर. तरी भुरटे यायचेच. दोन तास मुकाट बसायचे, कपडे डोळ्यांनी पाठ करायचे आणि कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन भराभर रेखाटायचे. रात्रीत ती रेखाटनं विकली जायची. म्हणून फॅशन-घरांच्या व्यावसायिक संघाने नियम केला होता की ठरलेल्या तारखेआधी फोटो किंवा तपशीलवार चित्र छापायचं नाही. पन्नाशीच्या उत्तरार्धात बालेन्सियागा आणि जिव्हाँशी यांनी तर कहर केला. पत्रकारांना आपले कपडे खरेदीदारांनंतर महिनाभराने दाखवायचे.

यात चित्रकाराची खरी किंमत कळते. ताईंच्या चित्रात कोट पाहिल्यावर हवासा वाटतो, पण त्यावरून नक्कल करणाऱ्याला एक माप मिळत नाही.

सुईदोरा

ल्योंकर, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझा सक्त विरोध.

मी मिरजेत सव्वीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले. चित्र काल रात्री मोठं करून पाहिलं आणि आज पहाटे परत पाहिलं. माप मिळत नाही म्हणता? मला तर त्यात ड्राफ्टिंग दिसतंय.

कोट कमरेला इतका बसलाय, म्हणजे कापड कुठेतरी खाल्लं गेलंय. एकतर टक्स (कापड दुमडून घातलेल्या निमुळत्या शिवणी) हवेत नाहीतर जोड. कमरेवर आडवा जोड असता तर घेराला तिथे चुण्या दिसल्या असत्या. नाहीत. म्हणजे उभ्या कळ्या, कापडाच्या वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्या, वरपासून खालच्या घेरापर्यंत अखंड. आता कमरेखाली बघा. दोन जाड फटकाऱ्यांच्या मधे केसाएवढी पांढरी फट आहे आणि ती खाली जाताना जराशी वळते. तुम्हाला ती कुंचला उचलल्याची खूण वाटेल. ती शिलाई आहे. कळी जिथे दुसऱ्या कळीला मिळते तिथेच फट आहे, दुसरीकडे कुठे नाही. पुढच्या बाजूला अशा दोनच आहेत, मी मोजल्या.

मुंढा (बाही जिथे जोडतात तो भाग) बघा. बाहीची रेघ खांद्याच्या टोकापासून निघत नाही, मानेजवळून उतरते. म्हणजे रॅगलनसारखी काहीतरी बाही. खांदे गोल का दिसतात त्याचं कारण ते.

आणि जी कड काढलेलीच नाही ना, ती बाजू घेराची. कापड जाड लोकरी, उजेड डावीकडून. जाड लोकर उजेडात चकाकत नाही, नुसती फिकी होते. रेशीम असतं तर तिथे चमकेची एक कडक रेघ मारावी लागली असती. न काढलेल्या कडेवरून कापड सांगितलंय त्या माणसाने. नाक विसरला असेल, शिलाई विसरला नाही.

निळीशाई

सुईदोराताई, मी दोन महिने हे पान रोज बघतेय आणि मला ती फट दिसली नव्हती. आता फटच दिसते.

पोपटी

सगळं छान, पण कोणीतरी हेही बोला की अशी बाई जगात नसते. डोक्याच्या पट्टीने उंची मोजली, साडेनऊ डोकी भरली. खऱ्या माणसाची साडेसात. कंबर तर मनगटाएवढी. त्या काळातल्या मुलींनी हे बघून काय काय केलं असेल? युद्धात बायकांनी कारखाने चालवले, सायकली हाणल्या आणि युद्ध संपताच त्यांना परत कमरेत आवळलं. माझ्या मते ही चित्रं सुंदर आहेत आणि दुष्टही.

ल्योंकर

पोपटी, आवळलं हे शब्दशः खरं आहे. मार्सेल रोशासने १९४६ च्या सुमारास कमरेपुरता छोटा कॉर्सेट पुन्हा आणला. त्याचं नाव 'गेपियेर', फ्रेंचमध्ये 'गेप' म्हणजे गांधीलमाशी. दिओरचा पहिला संग्रह १२ फेब्रुवारी १९४७ चा. त्यातल्या प्रसिद्ध 'बार' जाकिटाला कमरेखाली भर घालून नितंब मुद्दाम गोल केले होते, म्हणजे कंबर आणखी लहान दिसावी. चित्रकाराने खोटं काढलं असं नाही, आधी शिंप्यानेच खोटं शिवलं होतं.

आणि लोकांनी ते मुकाट्याने घेतलं असंही नाही. कापड तेव्हा मोकळेपणी मिळत नव्हतं आणि इथे एकेका झग्याला मीटरच्या मीटर. त्याच वर्षी मोंमार्त्रमधल्या र्यू लपिकच्या बाजारात हे नवे कपडे घालून फोटो काढायला मॉडेल उभ्या केल्या, तर बाजारातल्या बायकांनी एकीचा झगा अंगावरच फाडला. त्याचे फोटो आहेत. शनेलबाई १९५४ मध्ये सत्तरीत परत आल्या आणि सुटसुटीत सूट दाखवले, त्यामागेही हाच राग होता.

सुईदोरा

मीटरच्या मीटर कापडाचं आमच्याकडे कौतुक सांगू नका, नऊवारीत सव्वाआठ मीटर जातंच. फक्त आम्ही ते कापत नाही.

इंदूरी_जिरावण

अवांतर : फ्रेंच फॅशनचित्रकार आणि मराठी माणसं यांचा एक खरा धागा आहे. बर्नार बुते द मोंव्हेल. हा १९१२ मध्ये निघालेल्या 'गाझेत द्यू बाँ ताँ' या मासिकात कपड्यांची चित्रं काढायचा. ते मासिक म्हणजे साच्यातून हाताने रंग भरलेली, एकेक पान ऐटीचं. पुढे तो व्यक्तिचित्रांकडे वळला आणि इंदूरचे यशवंतराव होळकर आणि संयोगिताराणी यांची चित्रं त्याने केली, आधी युरोपियन पोशाखात आणि काही वर्षांनी मराठा पोशाखात. मराठा पोशाखातले महाराज पांढऱ्याशुभ्र गादीवर, पांढऱ्याशुभ्र कपड्यात बसलेत. त्या चित्रातली पगडी आणि चुण्या बघा, फॅशनचित्रं काढलेला हात लपत नाही. ताईंच्या चित्राच्या बराच आधीचं आहे, म्हणून अवांतर.

खवचट_कावळा

आलंच. आता कोणीतरी दीनानाथ दलालांना आणा, म्हणजे धागा पावन झाला.

अण्णा_ब्लॉकवाले

आणतोच. दलालांची त्याच काळातली दिवाळी अंकांची मुखपृष्ठं पाहा, सपाट रंग आणि मोजकी रेघ. एकाने दुसऱ्याचं पाहिलं असं मी म्हणत नाही. छापखाना दोघांनाही तेवढंच परवडू देत होता, हे म्हणतो.

रानजाई

कोणी फॅशनचित्रकार रेने ग्रुओचं नाव कसं घेतलं नाही? मला तर पाहताक्षणी तोच वाटला.

मूळचा इटलीतल्या रिमिनीचा, जन्म १९०९, बाप इटालियन सरदार घराण्यातला. आई फ्रेंच, तिचं आडनाव त्याने लावलं. 'ल फिगारो' या वर्तमानपत्राच्या कामात त्याची दिओरशी गाठ पडली, तेव्हा दिओरही चित्रंच विकत होता! दिओरच्या घरचा व्यवसाय बुडालेला, चित्रांची गॅलरी बंद पडलेली, स्वतः आजारातून उठलेला. टोप्यांची आणि झग्यांची रेखाटनं वर्तमानपत्रांना आणि फॅशन-घरांना विकून तो पोट भरत होता. १९४७ मध्ये दिओरचं अत्तर आलं त्याची जाहिरात ग्रुओने केली, तीत बाई नाही आणि बाटलीही नाही. एक पांढरा हंस, गळ्यात मोत्यांची माळ आणि काळा बो. बस. तसंच 'रूज बेझे' या लिपस्टिकसाठी १९४९ मध्ये काढलेली बाई, डोळ्यांवर पट्टी, फक्त ओठ दिसतात. ताईंच्या चित्रातलं नाक गायब होण्याचं मूळ मला तिथे दिसतं.

त्याच्यावर फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकच्या पोस्टरांचा आणि जपानी ठसाचित्रांचा प्रभाव होता हे उघड आहे. काळ्याचा मोठा सपाट तुकडा टाकायचा आणि कोऱ्या कागदाला कामाला लावायचं.

निळीशाई

रानजाई, तोंडात साखर पडो. म्हणजे माझे आठ युरो...

ल्योंकर

ताई, थांबा. ग्रुओच असेल तरी हे छापील पान आहे, मूळ चित्र नाही. त्यामुळे नशीब वगैरे उघडणार नाही.

शिवाय ग्रुओ सही करायचा ती जी हे एकच अक्षर आणि वर छोटासा तारा. तुमचा नेमका तोच कोपरा कापलाय. त्याशिवाय मी पैज लावणार नाही. ती धाटणी तेव्हा पॅरिसच्या हवेतच होती. बर्नार ब्लोसाक, प्येर मुर्ग, प्येर सिमों, सगळे त्याच मासिकांत त्याच घरांचे कपडे काढत होते. शिवाय ग्रुओची रेघ कड बंद करते. जाड, ठाम, सुरईच्या रेघेसारखी. तुमच्या चित्रातली कड हवेत सोडून दिलीय. ती सवय मला क्रिस्त्याँ बेरारच्या बाजूची वाटते. म्हणजे बेरारचं आहे असं नव्हे, त्याच्या वळणाचं. बेरार रंगभूमीचा माणूस, त्याच्या बायकांना अनेकदा चेहरेच नसायचे. १९४९ मध्ये तो अचानक गेला आणि त्याचं वळण बाकीच्यांनी वापरून घेतलं.

बेरारवरून आठवलं. १९४५ च्या मार्चमध्ये, युद्ध चालू असतानाच, पॅरिसच्या फॅशन-घरांनी बाहुल्यांचं प्रदर्शन भरवलं होतं, 'तेआत्र द ला मोद'. पूर्ण मापाचे कपडे शिवायला कापड नाही, म्हणून माणसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या तारेच्या बाहुल्या. एल्यान बोनाबेलने त्या रेखाटल्या, बेरारने मांडणी सांभाळली. एवढ्याशा कोटांना खरी काजं, खरं अस्तर. बाहुल्यांचे चेहरे मुद्दाम न रंगवता कोरे ठेवलेले. त्या आज अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. बिनचेहऱ्याची बाई ही पॅरिसला काही नवी नव्हती.

पोपटी

तारेच्या बाहुल्यांना खरी काजं! हे माहीत नव्हतं. दुष्टपणाबद्दलचं मत कायम आहे, पण हे आवडलं.

मुंबईचा_पाऊस

२०२३ मध्ये दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर प्रदर्शन केलं होतं, तेव्हा आमच्या ऑफिसचा रस्ता बंद होता. एवढाच माझा फ्रेंच फॅशनशी संबंध. भरतकाम मुंबईतच झालेलं म्हणे, ते मात्र टीव्हीवर बघताना बरं वाटलं.

सुईदोरा

धागा वर काढतेय. तीन आठवडे गप्प होते कारण हात कामात होते.

क्लासच्या जुन्या दोन मुली घेतल्या आणि तो कोट मांजरपाटावर बेतला. फ्रान्सची मोठी घरंही आधी साध्या सुती कापडावरच कपडा उभा करायची आणि मग महागाच्या कापडाला कात्री लावायची. दिओर हंगामाच्या सुरुवातीला शेकड्यांनी लहान रेखाटनं काढायचा, कारागीर बायका त्यांतली निवडून मांजरपाटावर उतरवायच्या. मग म्हटलं आपणही तसंच करू.

पुढचा भाग जमला. दोन उभे जोड, फटी होत्या तिथेच. पहिल्यांदा कळ्या सरळ उभ्या धाग्यावर कापल्या तर घेर लोंबला, भिजलेल्या पडद्यासारखा. मग खालचा भाग जास्त पसरवला, हेमच्या आत ताठ पट्टी घातली, तेव्हा कुठे तो चित्रातल्यासारखा अंगापासून सुटून उभा राहिला. मांजरपाट हलकं, लोकरीला कदाचित पट्टी लागणारही नाही. बाहीला दोन वेळा उसवलं. मानेजवळून निघते हे बरोबरच होतं, पण काखेत तिकोनी तुकडा घातल्याशिवाय हात वर जाईना. चित्रातल्या बाईने हात खालीच ठेवलाय, ती हुशार.

अडलं ते पाठीशी. पाठीला काय आहे? मधोमध जोड? पट्टा? मोठी प्लीट? चित्रात काहीच नाही. पुढून इतकं सगळं सांगणारा माणूस मागून एक अक्षर बोलत नाही.

ल्योंकर

ताई, दंडवत! आणि शब्द मागे घेतो. तुम्ही तेव्हा पॅरिसात असतात तर फातच्या दारात तुम्हाला उभं केलं नसतं.

पाठ मासिकातल्या चित्रात बहुधा मिळणार नाही. पाठ असायची ती हक्क नोंदवायच्या कागदपत्रांत. मादलेन व्हियोने ही पॅरिसचीच कपडे बेतणारी तर १९२० आणि १९३० च्या दशकांत आपल्या प्रत्येक झग्याचा पुढून, बाजूने आणि मागून फोटो काढून ठेवायची, बऱ्याचदा आरसे लावून एकाच फोटोत. चोरी झाली तर कोर्टात दाखवायला. ते आल्बम आज पॅरिसमध्ये सजावटीच्या कलांच्या संग्रहालयात आहेत. फातच्या कोटाची पाठ शोधायची तर एकच वाट : त्याच हंगामात दुसऱ्या मासिकाने तो कोट छापला असेल तर.

निळीशाई

लेकीला कामाला लावलंय. शनिवारी ती त्याच पेटीवाल्याकडे जाणार आहे. म्हणाली, "आता रद्दीची पाठ शोधू का मी?" शोध म्हटलं.

सुईदोरा

शनिवारपर्यंत थांबते. पाठ पिना लावून टांगून ठेवलीय. सापडली नाही तर रविवारी मधोमध जोड देऊन मोकळी होणार, आणि एक पट्टा. दोन बटणं. लाल.